ट्रॅक सायकलिंगचा हंगाम जगभर फिरतो. नगर जिल्ह्यातली पोरं त्यात कुठे अडकतात?

ताशी ८० किलोमीटरचा वेग. सायकलला ब्रेक नाही. गिअर एकच, आणि पायडल फिरवणं मध्येच थांबवायची सोय नाही. रस्ता सरळ नाही, भिंतीसारखा तिरका. ट्रॅक सायकलिंग म्हणजे साधारण हे.

२०२६ हे या खेळासाठी भरगच्च वर्ष आहे. वर्ल्ड कप, राष्ट्रकुल, आशियाई क्रीडा स्पर्धा आणि जागतिक अजिंक्यपद, सगळं एकाच वर्षात. एवढं सगळं चालू असताना आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या नगरमध्ये, सायकलवर जीव असलेली पोरं काय करत असतात? पहाटे उठतात, टायरमध्ये हवा भरतात आणि घाटाकडे निघतात. ट्रॅकवर उतरायची संधी त्यांच्यातल्या फारच थोड्यांना मिळते.

असं का होतं, हे समजायचं तर आधी खेळ आणि त्याचा हंगाम समजून घ्यावा लागेल.

हा खेळ नेमका आहे तरी काय?

ज्या गोल मैदानात या शर्यती होतात त्याला वेलोड्रोम म्हणतात. आंतरराष्ट्रीय दर्जाचा ट्रॅक २५० मीटरचा, लाकडी पट्ट्यांचा आणि छताखाली असतो. वळणावर तो चाळीस अंशांहून जास्त कललेला असतो. वेग असेल तर सायकल त्यावर टिकते. वेग कमी झाला की घसरते.

शर्यती दोन गटांत मोडतात. पहिला गट स्प्रिंटचा, म्हणजे ताकदीचा आणि स्फोटक वेगाचा. स्प्रिंटमध्ये दोघं समोरासमोर तीन फेऱ्या मारतात. सुरुवातीला दोघं इतके सावकाश चालतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यांना जिंकायचंच नाही. खरं तर प्रत्येक जण दुसऱ्याला पुढे ढकलायच्या प्रयत्नात असतो, कारण मागच्याला वारा कमी लागतो. मग शेवटच्या फेरीत अचानक उसळी. केरिन हा प्रकार जपानचा. तिथे १९४८ पासून या शर्यतींवर अधिकृत पैज लावता येते. यात मोटरसायकलस्वार आधी सगळ्यांना वेग वाढवत नेतो, तीन फेऱ्या उरल्या की बाजूला होतो आणि खरी झुंज सुरू होते.

दुसरा गट दमसासाचा. टीम परस्यूटमध्ये चार जण मिळून चार किलोमीटर, म्हणजे १६ फेऱ्या मारतात. मॅडिसनमध्ये दोघांची जोडी असते आणि एकमेकांचा हात धरून जोडीदाराला पुढे फेकलं जातं. हे नाव न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून आलं. ऑम्नियम म्हणजे एकाच दिवसात चार शर्यती आणि शेवटी गुणांची बेरीज.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. धावत्या सुरुवातीच्या २०० मीटरसाठी ९ सेकंदांची भिंत वर्षानुवर्षं कुणालाच फोडता आली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये तुर्कीतल्या कोन्या इथे ब्रिटनच्या मॅथ्यू रिचर्डसनने ती फोडली. गंमत म्हणजे रिचर्डसन लहानपणी जिम्नॅस्ट होता. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकणारा नेदरलँड्सचा हॅरी लाव्हरेसन आधी बीएमएक्स चालवायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

हंगाम म्हणजे काय, आणि तो कधी असतो?

पूर्वी हा हंगाम युरोपातल्या थंडीचा असायचा. वर्ल्ड कपच्या फेऱ्या हिवाळ्यात आणि जागतिक अजिंक्यपद फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाहेर बर्फ असताना छताखाली शर्यत, असा तो हिशेब होता. २०२१ पासून वेळापत्रक फिरलं. जागतिक अजिंक्यपद बहुतेक वेळा ऑक्टोबरमध्ये होऊ लागलं आणि वर्ल्ड कपच्या जागी नेशन्स कप आला. २०२६ मध्ये वर्ल्ड कप हे नाव परत आलं आहे.

या वर्षाचा नकाशा असा आहे:

- मार्चमध्ये पर्थ, एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि मलेशियातलं निलाई: वर्ल्ड कपच्या तीन फेऱ्या
- जुलै-ऑगस्टमध्ये ग्लासगो: राष्ट्रकुल स्पर्धा
- सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपान: आशियाई क्रीडा स्पर्धा
- ऑक्टोबरमध्ये शांघाय: जागतिक अजिंक्यपद

यादी नीट बघितली तर एक गोष्ट दिसेल. ग्लासगो सोडलं, तर सगळा हंगाम आशिया आणि ऑस्ट्रेलियात आहे. भारतासाठी विमानाचं भाडं, वेळेतला फरक आणि सायकलींच्या पेट्या नेण्याचा त्रास, सगळंच तुलनेने सोपं. असं वर्ष वारंवार येत नाही.

मग खेळाडू पाठवायचे आणि खेळायचं, एवढं सोपं का नाही?

कारण हा गुणांचा खेळ आहे. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर फक्त चांगली वेळ नोंदवून जागा मिळत नाही. महाद्वीपीय अजिंक्यपद, वर्ल्ड कपच्या फेऱ्या आणि जागतिक अजिंक्यपद यांत देशाने दोन-दोन वर्षं गुण साठवायचे असतात. त्या गुणांवरून क्रमवारी लागते आणि क्रमवारीवरून जागा ठरतात.

पॅरिस २०२४ चं उदाहरण घ्या. टीम स्प्रिंटमध्ये जगभरातून फक्त आठ संघांना जागा होती. ज्या देशाचा संघ आत गेला, त्याला वैयक्तिक स्प्रिंट आणि केरिनसाठीही दोन-दोन खेळाडूंची जागा मिळाली. म्हणजे एकट्याने कितीही वेगवान असून भागत नाही. तुमच्याबरोबर तेवढेच वेगवान आणखी दोघं लागतात, आणि त्या तिघांना सलग दोन हंगाम जगभर पाठवणारी संघटना लागते.

एखादी फेरी चुकली की गुण गेले. गुण गेले की क्रमवारी घसरली. क्रमवारी घसरली की पुढच्या मोठ्या स्पर्धेचं दार बंद. एस.टी. चुकली तर तासाभराने दुसरी मिळते. इथे पुढची गाडी थेट चार वर्षांनी येते.

आणखी एक पेच आहे. रस्त्यावरच्या शर्यतींचे गुण ट्रॅकवर चालत नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर झाली. बाहेरच्या देशांचे संघ आले, रस्त्यांच्या दुतर्फा लोक उभे राहिले. महाराष्ट्रासाठी ती मोठी गोष्ट होती. पण तिचे गुण रोड सायकलिंगच्या खात्यात जमा होतात. ट्रॅकचं खातं वेगळं आहे.

भारत या सगळ्यात कुठे आहे?

ऑलिंपिकपुरतं बोलायचं तर १९६४ च्या टोकियो स्पर्धेनंतर एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही. साठ वर्षांहून जास्त काळ.

पण गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र हललं आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत इंदिरा गांधी संकुलात २५० मीटरचा लाकडी, बंदिस्त ट्रॅक झाला. तिथे राष्ट्रीय अकादमी आली. त्याच ट्रॅकवर ट्रॅक एशिया कप भरू लागला, त्यामुळे भारतीय मुलांना देश न सोडता आंतरराष्ट्रीय शर्यती मिळाल्या.

त्याचं फळ ज्युनिअर गटात दिसलं. २०१८ मध्ये अंदमान-निकोबारच्या एसो अल्बेनने ज्युनिअर जागतिक स्पर्धेत केरिनचं रौप्य मिळवलं. पुढच्याच वर्षी जर्मनीत भारताच्या ज्युनिअर मुलांनी टीम स्प्रिंटचं जागतिक सुवर्ण जिंकलं. त्या संघातला मणिपूरचा रोनाल्डो सिंग २०२२ मध्ये दिल्लीत आशियाई अजिंक्यपदाच्या स्प्रिंटमध्ये रौप्यपदकापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आशियाई अजिंक्यपद पुन्हा दिल्लीत झालं.

अडचण ज्युनिअर ते सीनिअर या टप्प्यावर येते. सतराव्या-अठराव्या वर्षी जगाच्या बरोबरीने असलेली मुलं तेविसाव्या वर्षी मागे पडतात. जपान, चीन आणि मलेशियाचे खेळाडू तोवर डझनभर मोठ्या शर्यती खेळून झालेले असतात. आपल्या मुलांच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात.

आता नगर जिल्ह्याकडे येऊ

क्षेत्रफळाने नगर हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, १४ तालुके. सायकल चालवायला जागेची कमी नाही.

आणि खेळाडूंचीही नाही. संगमनेरची प्रणिता सोमण हे जिल्ह्याच्या सायकलिंगमधलं सगळ्यात ओळखीचं नाव. महाराष्ट्राकडून तिने राष्ट्रीय पातळीवर पदकं मिळवली आहेत. पण तिची ओळख माउंटन बाइक आणि रस्त्यावरच्या शर्यतींमधली आहे. जिल्ह्याचा भूगोल बघितला तर त्यात नवल वाटत नाही. संगमनेरजवळ चंदनापुरी घाट आहे. संभाजीनगर रस्त्यावर इमामपूर घाट, पाथर्डीकडे करंजी घाट. अकोल्यात भंडारदरा आणि कळसूबाईचा सगळा डोंगराळ पट्टा. चढ फुकट मिळतो, माती फुकट मिळते.

ट्रॅक मात्र जिल्ह्यात नाही. सगळ्यात जवळचा वेलोड्रोम पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात, नगर शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी हे संकुल उभं राहिलं. तो ट्रॅक उघड्यावरचा आणि काँक्रीटचा आहे. पावसाळ्यात ओला ट्रॅक, उन्हाळ्यात दुपारी तापलेला आणि वारा असेल तर प्रत्येक फेरीची वेळ वेगळी. सुरुवात करायला तो उत्तम. पण लाकडी, बंदिस्त ट्रॅकवरच्या वेळेशी तिथल्या वेळेची तुलना करता येत नाही. त्यासाठी दिल्लीच गाठावी लागते.

आता पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीचा विचार करा. पायात ताकद आहे, सायकल आवडते. तिला ट्रॅकची सायकल लागेल, आणि आंतरराष्ट्रीय दर्जाची सायकल काही लाखांच्या घरात जाते. ती सायकल रस्त्यावर चालवता येत नाही, कारण तिला ब्रेक नसतात. म्हणजे घरी सराव करायचीही सोय नाही. रोज पुण्याला जाणं शक्य नाही, तिथे राहायचं तर शाळेचा आणि घरच्यांच्या मनाचा प्रश्न. रस्त्यावर सराव करायचा तर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि महामार्गावरची अवजड वाहनं. पहाटेच्या अंधारात मुलीला एकटीला सोडायला कोणते आई-वडील तयार होतील?

बहुतेक जणींचा ट्रॅकचा प्रवास सुरू होण्याआधीच इथे संपतो, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

पण मग भंडाऱ्याला कसं जमलं?

"आमच्याकडे ट्रॅक नाही, म्हणून खेळाडू नाहीत" हे उत्तर इथे अडखळतं.

भंडारा हा नगरच्या मानाने लहान जिल्हा. तालुके सात. वेलोड्रोम तिथेही नाही. तरी तिथल्या मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे भारताच्या ट्रॅक संघात पोहोचल्या. २०२२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई अजिंक्यपदात या दोघींनी आणि बंगालच्या त्रियशा पॉलने मिळून टीम स्प्रिंटचं कांस्यपदक जिंकलं. त्याच वर्षी तिघी राष्ट्रकुल स्पर्धेतही उतरल्या.

अंदमानची गोष्टही तशीच. मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या बेटांवरून मुलं निघाली आणि दिल्लीच्या ट्रॅकवर घडली.

दोन्हीकडे समान धागा एकच. योग्य वयात कुणीतरी त्यांना हेरलं आणि योग्य ठिकाणी नेऊन पोहोचवलं. ट्रॅक घराजवळ असणं ही दुय्यम गोष्ट ठरली.

मलेशियाचा अझिझुलहसनी अवांग हे याचं जगातलं मोठं उदाहरण. केरिनमध्ये त्याच्या नावावर दोन ऑलिंपिक पदकं आहेत. त्याने कारकिर्दीची कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये राहून सराव केला. निलाईचा बंदिस्त वेलोड्रोम त्याच्या पहिल्या ऑलिंपिक पदकानंतर उभा राहिला. आधी खेळाडू, मग ट्रॅक.

मग जिल्ह्याला वेलोड्रोम हवा का?

निवडणुकीत तसं आश्वासन दिलं तर टाळ्या मिळतील. पण जगाचा अनुभव काही वेगळं सांगतो.

२०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमची होती, तरी ट्रॅक सायकलिंग लंडनमध्ये झालं, कारण तिथे वेलोड्रोम तयार होता. यंदाची आशियाई स्पर्धा आइची-नागोयाची, पण ट्रॅकच्या शर्यती इझूमध्ये, टोकियो ऑलिंपिकसाठी वापरलेल्या ट्रॅकवर. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातमध्ये झाल्या आणि ट्रॅक सायकलिंग मात्र दिल्लीत. श्रीमंत देशसुद्धा दर गावी वेलोड्रोम बांधत नाहीत. तो बांधायला महाग, सांभाळायला त्याहून महाग.

२०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उत्तराखंडने रुद्रपूरमध्ये नवा वेलोड्रोम बांधला, हेही खरं. राज्यात एक चांगला ट्रॅक असणं गरजेचंच आहे, आणि महाराष्ट्राची ती जागा बालेवाडी आहे. त्या ट्रॅकवर छत आलं तर पावसाळ्याचे चार महिने वाचतील. त्याचा फायदा पुण्याएवढाच नगर, सातारा, नाशिक आणि सोलापूरलाही होईल.

जिल्ह्याची गरज वेगळी आहे आणि ती बरीच स्वस्त आहे.

पहिली गरज चाचणीची. स्प्रिंटरची ताकद मोजायला ट्रॅक लागत नाही. जागेवर बसवलेल्या चाचणी-सायकलवर काही सेकंद पूर्ण जोर लावायला सांगितला की आकडा समोर येतो. तालुक्याच्या क्रीडा संकुलात असं एक यंत्र आणि ते वापरणारा प्रशिक्षक एवढं पुरेसं आहे.

दुसरी गरज योग्य ठिकाणी शोधण्याची. रिचर्डसन जिम्नॅस्ट होता, लाव्हरेसन बीएमएक्सवाला. ब्रिटनची रेबेका रोमेरो तर आधी रोइंगमध्ये ऑलिंपिक रौप्य जिंकून मग २००८ मध्ये ट्रॅकवर सुवर्णपदक विजेती झाली. स्प्रिंटसाठी मांड्यांची ताकद आणि स्फोटकता लागते. नगर जिल्ह्यात ती कुठे सापडेल? तालमीत, कबड्डी-खोखोच्या मैदानात, शंभर-दोनशे मीटर धावणाऱ्या मुलींमध्ये. महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर अकोल्याचा, आणि २०२५ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरलाच भरली होती. ज्या जिल्ह्याला पायातली ताकद ओळखता येते, तिथे सायकलपटू फक्त सायकल क्लबांमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

तिसरी गरज पोहोचवण्याची. निवडलेल्या चार-पाच मुलामुलींना सुट्टीत बालेवाडीला पंधरा-वीस दिवसांचं शिबिर, भाड्याने वापरायला ट्रॅक सायकल, राहायची सुरक्षित सोय आणि शाळेकडून हजेरीची सवलत. त्यातला एखादा दुसरा दिल्लीच्या निवड चाचणीपर्यंत गेला तरी वाट तयार होते. कर्नाटक एक्स्प्रेस नगरच्या स्टेशनवरून थेट दिल्लीला जाते. गाडीची सोय आहे, तिकीट काढून देणारं कुणी नाही.

२०३० का महत्त्वाचं आहे?

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. आज आठवी-नववीत असलेली मुलं तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असतील. भारताची ज्युनिअर मुलं जागतिक विजेती झाली, ती साधारण याच वयात.

म्हणजे २०३० चा संघ आज कुठल्या तरी शाळेत बसलेला आहे. ट्रॅकचा स्प्रिंटर घडायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे त्यांना शोधायची वेळ २०२९ मध्ये येणार नाही, ती आत्ता आहे. दोन वर्षं उशीर झाला तर ही पिढी गेली, आणि घरच्या मैदानावरची स्पर्धा आपण टीव्हीवर बघणार.

यंदाच्या हंगामात ग्लासगो, इझू आणि शांघायच्या शर्यती मोबाइलवर बघायला मिळाल्या तर जरूर बघा. निकालाच्या यादीत भारतीय नाव दिसलं की त्यापुढचं राज्य आणि जिल्हाही शोधा. आणि तुमच्या गावात चढावर सगळ्यांना मागे टाकणारी एखादी पोरगी असेल, तर तिच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना बालेवाडीच्या ट्रॅकबद्दल विचारा. भंडाऱ्याच्या मुलींसाठी कुणीतरी असंच विचारलं असणार.